चोरखिसा इथे पुरत नाही, आप्पा

एल पासो, टेक्सास
रविवार, दुपार

ती. आप्पा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, "बंदुकीची विजार म्हणजे नेमकं काय शिवतेस गं?" मागे शेजारच्यांचे माग चालू होते, त्यामुळे मी काय सांगितलं ते तुमच्यापर्यंत पोचलंच नसणार. शिवणाची गोष्ट आहे, म्हणून सावकाश लिहिते.

आपल्याकडे निवडणूक लागली की परवान्याची बंदूकसुद्धा बऱ्याच जणांना ठाण्यात जमा करावी लागते. इथे टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला, कायद्याने बंदी नसेल तर, परवाना न काढताही पिस्तूल अंगावर बाळगता येतं. बरेच लोक ते कपड्याआड लपवतात आणि तसेच ऑफिसला, बाजाराला जातात. त्यांच्यासाठी रोजच्या वापराची, साधी दिसणारी पॅन्ट आम्ही बेततो. मी व्हिसावर आहे, तेव्हा माझ्याजवळ पिस्तूल असण्याचा प्रश्नच नाही. मापाला आमच्याकडे निळ्या प्लास्टिकची, हुबेहूब आकाराची नकली पिस्तुलं आहेत.

काम हातात आलं तेव्हा मला पहिला आठवला तुमचा चोरखिसा. बैलबाजाराला निघालेल्या व्यापाऱ्यांच्या कोपरीला तुम्ही आतून लावायचात तो. मी तसाच खिसा कमरेच्या आत लावला आणि तो पहिल्याच दिवशी बाद झाला. नोटा मऊ असतात, अंगाबरोबर वळतात. ग्लॉक १९ नावाचं मध्यम पिस्तूल गोळ्या भरल्यावर साधारण ८५० ग्रॅम भरतं. नुसत्या कापडाच्या खिशात ते फिरतं, उलटं होतं, आणि घोडा, म्हणजे ट्रिगर, उघडा राहतो. घोडा झाकणारं कडक होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, हवंच. ते बहुतेक कायडेक्सचं असतं, म्हणजे तापवून पिस्तुलाच्या आकारावर बसवलेलं प्लास्टिक. ते पॅन्टच्या आत खोचायचं आणि त्याची क्लिप दीड इंची पट्ट्यावर अडकवायची. म्हणजे ओझं खिशाने नाही, कंबरपट्टीने पेलायचं. हे उमगायला मला तीन आठवडे लागले.

मग सगळा जीव कंबरपट्टीत घातला. लोक काय करतात, होल्स्टर मावावं म्हणून एक नंबर मोठी पॅन्ट घेतात. कंबर जमते, पण सीट लोंबते आणि मांडीला पोतं होतं. मी सीट आणि मांडी मापाचीच ठेवली आणि फक्त कमरेला दीड इंच वाढवला, दोन्ही बाजूंना पट्टीच्या आत झाकलेलं इलास्टिक घालून. होल्स्टर नसेल त्या दिवशीही पॅन्ट घट्ट बसते. तुम्ही मागच्या शिवणीत जादा कापडाची माया ठेवायचात ती गिऱ्हाईक सुटलं तर उसवून सोडायला. इथे ती माया रोज सकाळी सुटते आणि रात्री मिटते.

पट्टा ओवायचे लूप पाचाचे सात केले. बाजूच्या शिवणीवरचा लूप नेमका होल्स्टरच्या क्लिपखाली यायचा, तो इंचभर मागे सरकवला. लूपची टोकं पट्टीच्या शिवणीत घेऊन वर बारटॅक, म्हणजे दाट आडव्या टाक्यांची गाठ, मारतो. आमच्या बारटॅक मशीनवरच्या सेन्योरा (इथे स्पॅनिशमध्ये बाईंना असंच म्हणतात) जीन्सच्या कारखान्यातून आल्या आहेत. या गावात पूर्वी जीन्सचे मोठे कारखाने होते, नव्वदच्या दशकात बरंच काम मेक्सिकोत गेलं. त्या लूपला हात लावूनच सांगतात की हा टिकेल, हा उसवेल. ओझ्याने कापड कुठे फाटतं हा आपल्या धंद्याचा जुनाच प्रश्न. नेवाडातल्या रेनोच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिवेट ठोकले, त्याचं पेटंट त्याला आणि लिव्हाय स्ट्रॉसला १८७३ साली मिळालं. तुम्हाला तो माणूस आवडला असता.

बसल्यावर मागची पट्टी खाली ओढली जाते आणि पिस्तुलाची मूठ शर्टातून उमटते. याला इथे 'प्रिंटिंग' म्हणतात. म्हणून मागची उंची पाऊण इंच वाढवली. पुढची वाढवली नाही, कारण पोटाकडे होल्स्टर लावणाऱ्याला गाडीत बसताना ते रुततं. आसनात शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा घातला, म्हणजे उकिडवं बसलं तरी ताण कमरेपर्यंत येत नाही. नाडी मात्र मी काढायलाच लावली. उन्हाळी पॅन्टला ती छान दिसत होती, पण पिस्तूल परत होल्स्टरमध्ये सरकवताना नाडीचं टोक घोड्याच्या कडीत शिरलं तर गोळी सुटू शकते. मालक नाखूश होते. मी हटले नाही.

बायकांची पॅन्ट अजून जमलेली नाही. तयार पॅन्टच्या लूपमधून दीड इंची पट्टा जातच नाही, आणि कमरेखाली बाक असल्यामुळे होल्स्टर खालून रेटलं जाऊन मूठ बरगडीत घुसते. शिवाय शौचालयात पॅन्ट खाली गेली की सगळं वजन एका बाजूला झुकतं. या गोष्टी मी दुकानातल्या बायकांना विचारते, तेव्हा त्या मोकळेपणाने सांगतात.

आई, तुझी भीती मला कळते. याच गावात ३ ऑगस्ट २०१९ ला एका दुकानात एका माणसाने गोळ्या झाडल्या, २३ माणसं गेली. त्यानंतर सेन्योरांच्या मुलाने पिस्तूल घेतलं. सेन्योरा घरात ते येऊ देत नाहीत. दोघं एकाच टेबलावर जेवतात. कोण बरोबर ते मला ठरवता येत नाही. पण जो बाळगणारच आहे, त्याचं पिस्तूल बागेत लेकराला उचलताना खाली पडू नये, एवढं माझ्या हातात आहे, आणि ते मी मनापासून करते.

आप्पा, एक अडलंय. पोलिसांच्या खाकी पॅन्टच्या पट्टीत तुम्ही कॅनव्हास घालायचात, तो उभ्या धाग्यात कापायचात की तिरका, उरेब? इथे लोक कपडे ड्रायरमध्ये वाळवतात, चार धुण्यांत आमची पट्टी बाहेरच्या बाजूला वळते. कॅनव्हास आधी भिजवून घ्यायचात का, तेही कळवा. माळ्यावर त्या पट्टीचा पुठ्ठा असेल, तर दादाला शेजारी टेप ठेवून फोटो काढायला सांगा.

तुमची,
सुमा