काढून टाकलेल्या कामगाराने मुदत आणि कागद सांभाळावेत

संपादक महोदय,

इंदूरची हुकुमचंद कापडगिरणी १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. तेव्हापासून 'तक्रार करून काय मिळणार?' हा समज इंदुरात घट्ट बसला आहे. पण ते प्रकरण कंपनी अवसायनात गेल्याचे, म्हणजे कंपनी गुंडाळून तिची मालमत्ता विकून देणी भागवण्याचे होते. एकट्या कामगाराला काढल्याचा वाद वेगळ्या वाटेने जातो.

सांवेर रोड, पीथमपूर या औद्योगिक भागांतले अनेक दावे पुराव्याअभावी पडतात. काढण्याआधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केल्याचे आधी कामगारालाच दाखवावे लागते. हजेरीपत्रक मालकाकडे असते, म्हणून बँकेच्या नोंदी, पीएफचे पासबुक, ईएसआयचे (कामगार विम्याचे) कार्ड, गेटपास जपून ठेवावेत. फाटकावरून परत पाठवले तर त्याच आठवड्यात 'कामावर घ्या' असे पत्र रजिस्टर पोस्टाने धाडावे. नाहीतर 'तो स्वतःच सोडून गेला' हा मालकाचा बचाव टिकतो. ठेकेदारामार्फत काम असेल तर अर्जात ठेकेदार आणि मूळ कंपनी दोघांनाही पक्षकार करावे. कोऱ्या कागदावर सही तर कधीच करू नये!

नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी (दोन्ही बाजूंत तडजोड घडवू पाहणारा सरकारी अधिकारी) तो हाती घेऊ शकत नाही. समेट फसल्याचा अहवाल मिळाल्यावर औद्योगिक न्यायाधिकरणात जायला नव्वद दिवसच असतात. कामगार कार्यालयाने या दोन्ही मुदती दाराशीच ठळक अक्षरांत, हिंदी-मराठीत लावाव्यात, ही आमची कळकळीची मागणी आहे.

– कामगार खटल्यांचे काम करणारे काही वकील, इंदूर