टपालखर्च म्हणून घेता, तर तो टपालखर्चच असू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात पिशव्या सील करायचं हातयंत्र ऑनलाइन मागवलं. जाहिरातीत किंमत ८९९ रुपये. नाव, पत्ता, पिनकोड सगळं भरून झाल्यावर शेवटच्या पानावर 'शिपिंग अँड हँडलिंग' म्हणून २१० रुपये वर चढले. चटणीचा हंगाम तोंडावर होता, म्हणून घेतलं. यंत्र तापेचना. परत पाठवलं, तर ८९९ परत आले, २१० आले नाहीत. बिघडलेली वस्तू त्यांची आणि तिच्या प्रवासाचं भाडं मी का भरायचं?

मी मंगळवार पेठेत घरी कांदा-लसूण चटणी करून विकते, त्याला अकरा वर्षं झाली. पुणे, ठाणे, नाशिककडे पार्सलं जातात. खोका, टेप, तेल बाहेर येऊ नये म्हणून दुहेरी पिशवी, काउंटरवरचं वजन, हे सगळं माझ्या हातचं आहे. अर्धा किलोसुद्धा न भरणाऱ्या त्या यंत्राला २१० रुपये लागत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको.

पण हे लिहिताना एक गोष्ट लपवली तर पत्राला अर्थ राहणार नाही. चार वर्षांपूर्वी मीही हेच करत होते. एका किलोला सरसकट १६० रुपये 'कुरिअर चार्ज' लावायचे आणि पार्सल स्पीड पोस्टानं पाठवायचे. ठाण्याच्या एका ताईंचा फोन आला. "मावशी, चटणी झकास आहे. पण खोक्यावर पोस्टाचे १०६ रुपये छापलेत, तुम्ही १६० घेतलेत." मी खोका सांगितला, टेप सांगितली, पोस्टापर्यंतचं रिक्षाभाडं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ते आधी तसंच सांगायचं की. मी दिलेच असते." मला पुढं बोलता आलं नाही. खर्च खोटा नव्हता, पण मी त्याला दिलेलं नाव खोटं होतं. आणि ५४ रुपयांतले वीस-पंचवीस तरी निव्वळ माझ्या खिशात जात होते, हेही खरं.

त्या दिवसापासून ऑर्डर आली की पहिल्याच मेसेजमध्ये तीन आकडे लिहिते: चटणी, बांधणावळ, टपाल. खाली एकूण. पार्सल गेलं की पोस्टाच्या पावतीचा फोटो पाठवते. नफा काय तो चटणीच्या दरात. गिऱ्हाईक तुटलं नाही. पापड-कुरडयांचं खरं तर अवघड असतं, कारण बरेच कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा तो आकडा मोठा आला तर त्यावर भाडं लावतात. ४० बाय ३० बाय २५ चा खोका म्हणजे सहा किलो, आत कुरडया दोनच किलो का असेनात. हिशेब मांडून दाखवला की लोक समजून घेतात, कुरकुर करत नाहीत.

लबाडी आहे ती दर पाडून दाखवण्यात. मी चटणी ६०० रुपये किलो सांगते. दुसरा ४४९ लिहितो आणि शेवटी १९० हँडलिंग लावून उरलेला नफा तिथून काढतो. स्वस्त ते आधी बघणाऱ्या माणसाला तो वर दिसतो, मी खाली. वस्तू परत आली तरी ते १९० त्याच्याकडेच. यात गिऱ्हाईक फसतंच, पण सरळ धंदा करणारी बाईही मागं पडते, आणि माझं दुखणं ते आहे.

कायदा नाही असं नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलंय की एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि डिलिव्हरी, टपाल, हाताळणी, कर यांची फोड द्यायची. किंमत अशी टप्प्याटप्प्यानं उघड करणं २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' (म्हणजे गिऱ्हाईकाला चकवणारी ऑनलाइन मांडणी) मार्गदर्शक सूचनांत अनुचित प्रकारांमध्ये धरलंय. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि ज्यांचे असे पैसे गेलेत त्यांनीही २१० रुपयांसाठी कोण भांडत बसणार असं म्हणू नये.

आता आपल्याकडे एक मागणं. 'फक्त ४९९' असं मोठ्या अक्षरांत आणि 'टपालखर्च वेगळा' असं मुंगीच्या अक्षरांत, अशा जाहिराती वर्तमानपत्रांतही येतात. माझ्या सासूबाई अशाच जाहिराती वाचून व्ही.पी.नं वस्तू मागवायच्या. पाकीट फोडायच्या आधी पोस्टमनला पैसे द्यावे लागत, आणि किती द्यायचे ते त्याच वेळी कळायचं. जाहिरात घेताना आपण एवढीच अट घाला: टपालखर्च किती तो आकडा छापा, आणि तो किमतीच्याच टाइपात छापा.

आपली,
एक चटणी विक्रेती,
मंगळवार पेठ, कोल्हापूर