आईच्या आजारपणावर लिहिणाऱ्या लेकीस

शिवाजी पेठ,
कोल्हापूर

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी कविता पोचली. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंयस, 'आईच्या आजारपणावर कविता करायची म्हणजे तिच्या दुखण्याचं भांडवल करणंच नाही का? मला लाज वाटते.' हे फोनवर नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

लाज वाटू देऊ नकोस, बाळा. त्या दिवसांत तू तिच्या उशाशी होतीस. शीर सापडत नव्हती तेव्हा तिचा हात तूच धरला होतास. त्यावर लिहायचा हक्क तुझा नाही तर कुणाचा?

इंदिरा संत तू शाळेत वाचल्यास, पण धड्यापुरत्या. आता नव्यानं वाच. त्या आपल्या राजाराम कॉलेजात शिकल्या, पुढे पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेल्या. तिथं नारायण संतांशी ओळख झाली, लग्न झालं. १९४० मध्ये दोघांच्या कवितांचा एकत्र संग्रह निघाला, 'सहवास'. आणि १९४६ मध्ये संत गेले. पदरात लहान मुलं. बेळगावात शिकवण्याची नोकरी करत बाईंनी संसार एकटीनं ओढला. त्यानंतर आले 'शेला' १९५१ मध्ये, 'मेंदी' १९५५ मध्ये, 'मृगजळ' १९५७ मध्ये.

दुःखानं त्यांना कवयित्री केलं असं लोक सर्रास म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. संत गेले त्याच्या सहा वर्षं आधी इंदिराबाईंच्या कविता छापून आल्या होत्या, लिहिता हात तयार होता. दुःख तर गल्लीत घरटी एक आहे, म्हणून घरटी एक कवी होत नाही. नवरा गेला नसता तरी त्यांनी लिहिलं असतं, वेगळं लिहिलं असतं, आणि त्यांना विचारलं असतं तर त्यांनी तेच मागितलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

त्यांचं लिहिणं कसं आहे बघ. पाऊस येतो, संध्याकाळ होते, काळोख दाटतो, आणि कुणीतरी 'तू' असतो, जो आता नाही. तो कोण, कधी गेला, कशानं गेला, यातलं काही त्या सांगत बसत नाहीत. आक्रोश नाही. आपल्याला मात्र वाचताना घशाशी येतं. त्या पावसात भिजलेलं माणूस आपलंच कुणीतरी होऊन जातं. एवढं आवरून धरायला किती ताकद लागली असेल! 'गर्भरेशीम'ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तोवर संतांना जाऊन अडतीस वर्षं झाली होती.

तू आजारपणाचं विचारलंस म्हणून इंग्रज कवी कीट्सचंही सांगतो. तो लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात वैद्यकी शिकलेला. आई क्षयानं गेलेली. धाकट्या भावाला, टॉमलाही तेच दुखणं लागलं, त्याची शुश्रूषा यानंच केली आणि डिसेंबर १८१८ मध्ये टॉम गेला. पुढच्या वसंतात नाइटिंगेल पक्ष्यावरची कविता आली. तिच्यात तारुण्य फिकट होऊन, सुकून मरतं अशी एकच ओळ आहे, टॉमचं नाव नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात शरद ऋतूवर लिहिलं, त्यात फळं, मधमाश्या, रातकिडे. आजाराचा शब्दही नाही. फेब्रुवारी १८२० मध्ये खोकल्यातून रक्त पडलं, ते पाहून त्यानं आपलं मरण ओळखलं. वर्षभरानं रोममध्ये वारला, पंचविसाव्या वर्षी.

आता तुझ्या कवितेकडे येतो. केमोनंतर आईच्या बांगड्या ढिल्या झाल्या आणि तिनं त्या स्वतःच काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या, हे तू जसं झालं तसं लिहिलंस. ते वाचून मी उठून अंगणात गेलो. तांबड्या रश्श्याच्या वासानं तिला मळमळायचं आणि आपण महिनोन्‌महिने घरात फोडणी केली नाही, तीही ओळ खरी उतरली आहे. पण शेवटच्या चार ओळींत 'नियती', 'काळाचा घाला', 'अश्रूंचा सागर' आलंय. ते तुझं नाही, ऐकीव आहे. काढून टाक. डब्याचं झाकण लागतं तिथं कविता संपलेली आहे. आणि मी औषधं वेळेवर देत नाही म्हणून आई माझ्यावर रागवायची, शेजारच्या बाईशी हसून बोलायची, तेही कुठंतरी येऊ दे. आजारी होती म्हणून ती नुसती आजारीच नव्हती.

करवीर नगर वाचन मंदिरातून 'मृगजळ' आणलंय. त्यातल्या काही कविता वहीत उतरवून घेतल्यात. शनिवारी मावशी पुण्याला यायची आहे, तिच्याबरोबर वही पाठवतो. उरलेली पानं कोरी ठेवलीत, तुझ्यासाठी. रात्री जागून लिहू नकोस, डबा वेळेवर खात जा, आणि दुसरी कविता झाली की आधी मला पाठव.

तुझे,
बाबा