भूकंपानंतरच्या दुसऱ्या महिन्यासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

भूकंप झाला की पहिल्या आठवड्यात मदतीला तोटा नसतो. ट्रक येतात, पुढारी येतात, कॅमेरे येतात. महिनाभराने रस्ता मोकळा होतो आणि खरी ओढाताण तेव्हा सुरू होते. घर पडलं त्याच ढिगाऱ्यात गोठा, दुकान, शिलाई मशीन गेलेलं असतं. शेतमजुराला काम देणारा शेतकरी स्वतःच पत्र्याखाली राहत असतो. मग दुभतं जनावर विकलं जातं, बियाण्याचं धान्य दळलं जातं, व्याजाने पैसे घेतले जातात. आमच्या मदत समितीचा निधी या दिवसांसाठी आहे आणि त्यासाठीच हे आवाहन.

२५ एप्रिल २०१५ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा भातलावणी तोंडावर आली होती आणि घरात साठवलेलं बी घरांबरोबरच गाडलं गेलं होतं. डोंगरातल्या पायवाटा दरडींनी तुटल्या होत्या. गिर्यारोहक येईनात, त्यामुळे हमालांचा रोजगारही बुडाला. जागतिक अन्न कार्यक्रमाने तिथे हजारो हमालांना आणि खेचरवाल्यांना मजुरीवर घेतलं. त्यांनी पायवाटा दुरुस्त केल्या आणि त्याच वाटांनी वरच्या गावांना धान्य पोचवलं. आम्हाला अशी कामं हवी आहेत.

कामाच्या बदल्यात मजुरी ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको. १९७२च्या दुष्काळात इथली लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती, रोजगार हमीची मुळं तिथलीच. भूकंपात कामाचं स्वरूप बदलतं, एवढंच. ढिगारा उपसायचा, त्यातलं धड लाकूड आणि दगड वेगळं काढायचं, पाण्याचे पाट मोकळे करायचे, तात्पुरत्या निवाऱ्यांजवळ शौचखड्डे खणायचे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, भाराखाली. म्हणून अर्धवट उभ्या भिंतीखाली कुणालाही कामाला लावायचं नाही, हा आमचा पहिला नियम. नंतरचे धक्के कित्येक आठवडे चालू राहतात. हातमोजे, मास्क, बूट आणि मजुरांचा अपघात विमा यांचा खर्च निधीतून होईल, मजुरीतून कापला जाणार नाही.

मजुरी किती द्यायची यावर समितीत बराच वाद झाला. चालू दरापेक्षा जास्त दिली तर पेरणीला माणूस मिळत नाही आणि शेतकरी आणखी अडचणीत येतो. फार कमी दिली तर ती मदत न राहता पिळवणूक होते. शेवटी ठरलं ते असं: सरकारी किमान मजुरीच्या खाली जायचं नाही, आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत कामं बंद ठेवायची. बाईला आणि पुरुषाला सारखीच मजुरी, दर आठवड्याला. कामाच्या जागी सावली, पाणी आणि तान्ह्या मुलांना सांभाळायला कुणीतरी. हजेरीपट दर आठवड्याला गावात मोठ्याने वाचला जाईल. हजेरीपटांवर काय काय घडतं ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

पण सगळ्यांनाच कुदळ उचलता येत नाही. म्हातारी माणसं, जखमी, अपंग, गरोदर आणि बाळंत बायका, एकटीने मुलं सांभाळणारी आई यांच्यावर कामाची अट घालणं क्रूरपणाचं आहे. त्यांना धान्य किंवा रोख रक्कम विनाअट मिळेल. शिध्यासाठी माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी हे मदतकार्यात सर्वत्र वापरलं जाणारं माप आम्ही धरलं आहे. धान्य, डाळ, तेल आणि आयोडिनयुक्त मीठ त्यात असेल. बाजार चालू असेल तिथे पैसे द्यायचे, बंद असेल तिथे धान्य. फुकट धान्याचे ट्रक चालू बाजारात ओतले की आधीच मोडलेला किराणावाला पुरता बसतो.

म्हणून विनंती आहे की शक्यतो रोख द्या. जुने कपडे कृपया नकोत. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते आणि ते उचलायला पुन्हा माणसं लावावी लागली. शिजवलेलं अन्नही पाठवू नका.

रक्कम समितीच्या कार्यालयात देऊन पावती घ्यावी; पावतीशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नयेत, अगदी आमच्या कार्यकर्त्याच्याही. एकरकमी जमत नसेल तर दरमहा थोडं द्या, आम्हाला ते जास्त सोयीचं पडतं, कारण ही कामं महिनोन्‌महिने चालतात. पैशांची अडचण असेल त्यांनी वेळ द्यावा: गवंडी, स्थापत्य अभियंते, हिशेब लिहिणारे आणि परिचारिका यांची नावं नोंदवून घेत आहोत. नाव देताना सलग किती दिवस येऊ शकाल ते जरूर लिहा. आठवड्यापेक्षा कमी वेळ असेल तर इथेच हिशेबाच्या कामाला बसता येईल.