सई, हा प्रश्न मी पुढेही विचारणार आहे

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या मैत्रिणीच्या आईला मी फोन केला आणि विचारलं, "तुमच्या घरी बंदूक आहे का? असेल तर कुलपात असते ना?" तेव्हापासून तू माझ्याशी धड बोललेली नाहीस. "आई, असं कोण विचारतं? लाज आणलीस मला," एवढं म्हणालीस आणि खोलीचं दार लावून घेतलंस. तुझा राग मला कळतो. नववीत नवीन शाळा, नुकतीच जमलेली मैत्री, आणि मैत्रिणीकडच्या पहिल्याच स्लीपओव्हरच्या, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या, आधी आईने असा फोन करायचा. पण हाच प्रश्न मी पुढच्या घरीही विचारणार आहे, म्हणून त्यामागचं सगळं तुला एकदा सांगायला हवं. समोरासमोर बोलायला गेलो की आपलं भांडण होतं आणि महत्त्वाचं तेवढं राहून जातं. मराठी शाळेत इतकी वर्षं गेलीस, एवढं वाचता येईल तुला. अडलं तर बाबांना विचार.

बंदूक बाळगणारी माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही. मी साताऱ्याकडची. घरटी एक माणूस फौजेत, अशी गावं आहेत आमच्याकडे. माझ्या मामांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची आणि निकालानंतर परत मिळायची. ती कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, हे गावाला ठाऊक असायचं. इथे मिशिगनमध्ये 15 नोव्हेंबरला बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, कितीतरी शाळांना त्या दिवशी सुट्टी असते. आपल्या शेजारचे आजोबा दरवर्षी जातात, आणि परत आले की बंदूक आधी तिजोरीत जाते, मग ते चहा घेतात. त्यांनाही मी तू लहान असताना विचारलं होतं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट त्यांनी तिजोरी दाखवली.

आता ऑक्सफर्डचं सांगते. आपल्या घरापासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावरचं गाव. 30 नोव्हेंबर 2021 ला तिथल्या हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला. चार विद्यार्थी गेले, सहा विद्यार्थी आणि एक शिक्षिका जखमी झाल्या. तू पाचवीत होतीस. त्यानंतर धमक्या आणि अफवांमुळे आसपासच्या कितीतरी शाळा बंद ठेवल्या होत्या. बर्फ नसताना सुट्टी कशी, असं तू विचारत होतीस.

पुढे 2024 मध्ये जे दोन खटले चालले ते मी ऑनलाइन पाहिले. ऑफिसचं काम एका खिडकीत आणि कोर्ट दुसऱ्या खिडकीत. कारण या वेळी आरोपीच्या जागी त्या मुलाचे आईवडील होते. तिथे पुढे आलेला घटनाक्रम तुला माहीत असावा असं मला वाटतं.

गोळीबाराच्या आधीच्या शुक्रवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, वडिलांनी पिस्तूल विकत घेतलं. मुलगा सोबत होता. शनिवारी आई त्याला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेली. सोमवारी वर्गात तो फोनवर काडतुसं शोधताना शिक्षिकेला दिसला. शाळेने घरी कळवलं, तर आईने त्याला मेसेज केला की मी रागावले नाही, तू पकडलं न जाणं शिकायला हवंस. मंगळवारी सकाळी गणिताच्या कागदावर त्याने पिस्तूल काढलं, गोळ्या लागलेला माणूस काढला, आणि शेजारी लिहिलं की विचार थांबत नाहीत, मला मदत करा. शाळेने आईवडिलांना बोलावून घेतलं. काउन्सेलरने सांगितलं की 48 तासांच्या आत याला उपचारांसाठी न्या. ते त्याला घरी घेऊन गेले नाहीत, आपापल्या कामाला निघून गेले. मुलगा वर्गात परतला. दप्तर कोणी उघडून पाहिलं नाही. दोनेक तासांनी त्याच दप्तरातून पिस्तूल बाहेर आलं. त्या पिस्तुलासोबत दुकानातून मिळालेलं केबल लॉक, म्हणजे बंदुकीला लावायचं तारेचं कुलूप, घरी वेष्टनातच पडून होतं.

घरात चार दिवसांपूर्वी पिस्तूल आणलंय, हे आईवडिलांनी त्या बैठकीत सांगितलं नाही. आणि शाळेनेही विचारलं नाही. सई, मी त्या बैठकीपाशी येऊन अडकते. काउन्सेलर होते, अधिकारी होते, आईवडील होते, तो कागद समोर होता, मुलगा स्वतः मदत मागत होता. "घरी बंदूक आहे का, आत्ता कुठे आहे?" एवढं एक वाक्य कोणाच्याही तोंडून निघालं नाही. विचारणं अवघड वाटलं असेल, कोणाच्या घरच्या गोष्टीत कशाला पडायचं असं वाटलं असेल. आपल्या धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तर प्रत्येक घरी जाण्याआधी आपण विचारतोच ना? त्यात कोणाला अपमान वाटत नाही. बंदुकीचंही तसंच व्हायला हवं, आणि ते आपोआप होणार नाही. काही आयांना आधी लाज सोडावी लागेल.

त्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाने केलेल्या शाळेतल्या सामूहिक हत्येसाठी अमेरिकेत आईवडील असे दोषी ठरण्याची ती पहिली वेळ. काही लोकांना ते फार कठोर वाटलं. मला नाही वाटलं.

ऑक्सफर्डसारख्या घटनांची बातमी होते, पण मुलं बंदुकीने जातात त्यातला शाळांचा वाटा अगदी थोडा आहे. 2020 पासून या देशात एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. मोटार अपघात मागे पडले. बहुतेक मुलं रस्त्यावर, कोणाच्या तरी घरात, नाहीतर स्वतःच्या हाताने जातात. हे शेवटचं तुझ्याशी बोलायला मला सगळ्यात जड जातं. आपल्या लोकांच्या घरांत मार्कांचा, कॉलेजचा ताण किती आहे हे तू माझ्यापेक्षा जवळून पाहतेस. एखाद्या रात्री सगळं संपवावंसं वाटणं तुझ्या वयाच्या मुलांना होतं, आणि पुष्कळदा ती वेळ काही तासांत निघूनही जाते. आत्महत्येच्या प्रयत्नातून जे वाचतात त्यांतले बहुतेक पुढे जगतात, आत्महत्येने मरत नाहीत. पण बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांतले जवळजवळ नऊ जीव घेतात. म्हणून कुलूप. त्या काही तासांत हात तिथवर पोचू नये, एवढंच त्या कुलपाचं काम.

शाळेत तुमच्याकडून लॉकडाउनचा, म्हणजे बंदूकधारी शिरला तर काय करायचं याचा, सराव करून घेतात. दिवे बंद, दाराला अडसर, भिंतीला टेकून गप्प बसायचं. बालवाडीपासून तू ते करत आलीस आणि आता तुला त्याचं काही वाटतही नाही. मला वाटतं. पण तो सराव शेवटच्या मिनिटाचा आहे, आणि मला त्याच्या आधीच्या दिवसांबद्दल बोलायचं आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने 2006 ते 2018 मधले शाळांवरच्या हल्ल्यांचे 67 कट अभ्यासले, जे वेळीच उधळले गेले होते. ते बहुतेक कशामुळे कळले, तर त्या मुलांनी कोणाजवळ तरी बोलून दाखवलं होतं, काही लिहिलं होतं, पोस्ट केलं होतं, आणि ते सगळ्यांत जास्त वेळा दिसलं होतं मित्रांना, वर्गातल्या मुलांना. तुमच्यासारख्यांना. त्यांच्यापैकी कोणीतरी जाऊन मोठ्या माणसाला सांगितलं.

लहानपणी मीच तुला बजावलं आहे की उठसूट चहाड्या करू नकोस. तू ते पाळलंस, आणि पेन्सिल कोणी घेतली, कॉपी कोणी केली, यात ते खुशाल पाळ. पण कोणी मरायचं किंवा मारायचं बोललं, थट्टेत बोललं तरी, कोणी बंदुकीचा फोटो टाकून तारीख लिहिली, कोणी आपल्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर तुझ्याजवळ ठेवू नकोस. मला सांग. मी नको असेन तर बाबांना, आवडत्या शिक्षिकेला. नाव पुढे यायला नको असेल तर आपल्या राज्याची 'ओके टू से' टिपलाइन, म्हणजे धोक्याची माहिती कळवायची सोय, आहे, तिथे तुझं नाव गुप्त राहतं. स्वतःला किंवा मैत्रिणीला अगदी असह्य झालं तर 988 हा आत्महत्या रोखण्यासाठीचा मदतीचा नंबर आहे, फोन कर नाहीतर मेसेज, रात्री कितीही वाजता. मैत्रीण म्हणेल, शपथ घे, कोणाला सांगणार नाहीस. शपथ मोडायची. ती चिडेल, बोलणं टाकेल. टाकू दे.

आणि माझ्या बाजूने तुला एक वचन. तुझ्या शाळेतून कधीही फोन आला की तुमच्या मुलीला घरी न्या, तर मी मीटिंग सोडून येईन. कारण नंतर विचारेन. तू स्वतः फोन करून नुसतं "ये" म्हणालीस तरी येईन.

13 फेब्रुवारी 2023 ला ईस्ट लान्सिंगला विद्यापीठात गोळीबार झाला आणि तीन विद्यार्थी गेले, तेव्हा तिथे ऑक्सफर्डमधून वाचून आलेली मुलंही शिकत होती. एकाच राज्यात त्यांनी हे दोनदा पाहिलं. बरोबर एक वर्षाने, 13 फेब्रुवारी 2024 पासून, मिशिगनमध्ये कायदा लागू झाला की घरात अठरा वर्षांखालचं मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल तर बंदूक कुलपात हवी. म्हणजे मी ज्या घरी फोन करते तिथे मी काही जगावेगळं विचारत नाही, राज्याचा कायदाच तसा आहे. आणि ज्या माणसापासून धोका दिसतो त्याच्याकडची बंदूक काही काळापुरती काढून घ्यावी, असा अर्जही आता घरच्यांना न्यायाधीशाकडे करता येतो. ही तरतूदही त्याच दिवशी लागू झाली.

आपल्या मराठी घरांतही बंदुका आल्या आहेत. सोन्यासाठी घरफोड्या झाल्या, लोक घाबरले, आणि दोन-तीन ओळखीच्यांनी घेतल्या. त्यांच्या घरी तुम्ही मुलं दर महिन्याला धुडगूस घालता, आणि पिस्तूल कपाटात साड्यांच्या मागे ठेवलंय असं मला एकीने सहज सांगितलं. मी तिथेच तिला सांगितलं की कुलूप घे, पुष्कळ पोलीस स्टेशनांत केबल लॉक फुकट मिळतं. तिने आणलं. मग मला वाटलं की हे सगळ्यांना सांगायला हवं.

म्हणून गणपतीच्या कार्यक्रमात दारापाशी एक टेबल मांडायची परवानगी मी मंडळाकडे मागितली आहे, आणि ते हो म्हणालेत. कुलपं मी गोळा करते. पानभर पत्रक हवं आहे: कायदा काय आहे, कुलूप कुठे मिळतं, मुलांना खेळायला पाठवताना काय विचारायचं, 988. मोठ्यांसाठी मराठी मजकूर मी लिहिते. मुलांसाठीचा इंग्रजी मजकूर तू लिहावास अशी माझी इच्छा आहे, कारण माझ्या शब्दांनी तुमच्या वयाची मुलं ऐकणार नाहीत. रविवारपर्यंत सांग.

तुझी,
आई