सोन्याचे कण लाल का दिसतात? आकारमानामुळे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत नॅनो-सोन्यावर आलेला लेख वाचला. असा विषय मराठीत येतो याचा आनंदच आहे. पण लेखाचा सगळा डोलारा ज्या विधानावर उभा आहे, ते विधानच चूक आहे. 'सोन्याचा कण लहान करत गेले की पुंजपरिणामामुळे त्याचा रंग बदलतो, म्हणून तो लाल दिसतो,' असे लेखक म्हणतात. (पुंजपरिणाम म्हणजे कण फार लहान झाला की त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या बदलणे.) मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून सोन्याचे कलिल, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांचा द्रव, करवून घेणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. तोंडी परीक्षेत नेमके हेच उत्तर पुन्हा पुन्हा कानावर पडते आणि 'कुठे वाचलेस?' असे विचारले की 'पेपरात आले होते' हे ठरलेले. तेव्हा पेपरातच उत्तर दिलेले बरे.

गल्लत झाली आहे ती क्वांटम डॉटशी. २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना, क्वांटम डॉटवरील कामासाठी. हे डॉट म्हणजे अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमध्ये ऊर्जेची दरी असते आणि कण काही नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आणला की ती दरी रुंदावते. म्हणून एकाच पदार्थाचा लहान डॉट निळा आणि मोठा डॉट लाल प्रकाश देतो. तिथे आकारमान हेच कारण, वाद नाही. सोने मात्र धातू आहे, त्याला अशी दरीच नाही. २० नॅनोमीटर व्यासाच्या एका कणात सोन्याचे साधारण अडीच लाख अणू असतात. त्यातल्या ऊर्जापातळ्या एकमेकींना इतक्या खेटून असतात की खोलीच्या तापमानाला असलेली उष्णतेची ऊर्जाही दोन पातळ्यांतल्या अंतराच्या शेकडो पट भरते. अशा कणात पुंजपरिणाम रंग ठरवायला येत नाही. दोनेक नॅनोमीटरच्या खाली गेलात तर चित्र पालटते, तिथे सोन्याचा पुंजका एखाद्या रेणूसारखा वागू लागतो. पण तिथे तो लाल रंगही नाहीसा होतो!

मग लाल रंग येतो कुठून? धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाची तरंगलांबी काहीशे नॅनोमीटर आणि कण वीस नॅनोमीटरचा, त्यामुळे कोणत्याही क्षणी सगळ्या कणावर प्रकाशाचे विद्युतक्षेत्र जवळपास सारखेच असते. ते क्षेत्र सगळ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना एका अंगाला रेटते. दुसऱ्या अंगाला धनभार उघडा पडतो, तो त्यांना मागे खेचतो, ते मागे येताना तोल जाऊन पलीकडे जातात. बादलीतले पाणी चालताना हिंदकळते तसा हा इलेक्ट्रॉनांचा साठा कणाच्या पृष्ठभागांमध्ये हिंदकळत राहतो. पावलांचा ठेका पाण्याच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळला की बादली सांडते. तसेच प्रकाशाची वारंवारिता या हिंदकळण्याशी जुळली की कण तो प्रकाश अधाशासारखा शोषतो. हाच सरफेस प्लाझ्मॉन. पाण्यातल्या सोन्याच्या गोल कणांसाठी हा मेळ ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जमतो. निळा प्रकाश सोन्याचे आतले इलेक्ट्रॉन आधीच गिळत असतात, सोन्याची लगड पिवळी दिसते तीही त्यामुळेच. हिरवा गेला, निळा बराचसा गेला, उरला लाल. चांदीचे कण ४०० नॅनोमीटरच्या जवळपास शोषतात, जांभळा प्रकाश जातो आणि त्यांचे कलिल पिवळे दिसते. हे हिंदकळणे फार काळ टिकत नाही. या प्रकाशाचे एक आंदोलन पावणेदोन फेमटोसेकंदांत (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) पुरे होते आणि प्लाझ्मॉन दहाएक फेमटोसेकंदांत विझतो. त्याच्या ऊर्जेतला काही भाग प्रकाश होऊन विखुरतो, पण इतक्या लहान कणात बहुतेक ऊर्जेची उष्णता होते.

या सगळ्या वर्णनात मेळ ठरवतो तो धातू, कणाचा आकार (म्हणजे घडण, गोल की लांबट) आणि आजूबाजूचे माध्यम. गोल कणाचे आकारमान १० नॅनोमीटरवरून ४० नॅनोमीटरवर नेले तरी शोषणाचे शिखर जेमतेम दहा-बारा नॅनोमीटरने सरकते. नुसत्या डोळ्याला दोन्ही बाटल्या लालच. शंभर नॅनोमीटरच्या पुढे शिखर पसरट होऊन बरेच सरकते, प्रकाशाचे विखुरणे वाढते आणि द्रव गढूळ दिसू लागतो हे खरे. पण त्याचेही कारण पुंजपरिणाम नाही. इतका मोठा कण प्रकाशाला 'लहान' वाटेनासा होतो, एवढेच.

कुणाला हे शब्दांवर पटत नसेल तर प्रयोग अगदी सोपा आहे. आम्ही काचेची भांडी अम्लराजाने (सोनेही विरघळवणाऱ्या आम्लमिश्रणाने) धुऊन घेतो, कारण भांड्यात कसलाही कण शिल्लक असला तर कलिल बिघडते. सोन्याच्या क्लोराइडचे फिकट पिवळे, अतिविरल द्रावण उकळायला ठेवायचे आणि त्यात सोडियम सायट्रेट ओतायचे. आधी पिवळेपणा जातो आणि काही क्षण वाटते की प्रयोग फसला. मग द्रव पाटीसारखा राखाडी-निळा होतो, जांभळट काळवंडतो आणि बघता बघता माणकासारखा लाल. थंड झालेला हा लाल द्रव दोन परीक्षानळ्यांत सारखा ओतायचा. एकीत मिठाचे द्रावण, दुसरीत तेवढेच साखरेचे. साखरेची नळी लालच राहते. मिठाची नळी हलवता हलवता निळी पडते, नंतर काही तासांनी तळाशी काळसर गाळ आणि वर स्वच्छ पाणी.

दोन्ही नळ्यांतले कण एकाच भांड्यातले, एकाच मापाचे. मिठाने त्यांचे आकारमान बदललेले नाही. प्रत्येक कणावर सायट्रेटचा ऋणभार असतो, त्यामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात. मिठातले आयन त्या भाराला झाकतात आणि कण एकमेकांना बिलगतात. बिलगलेल्या कणांचे हिंदकळणे एकमेकांत गुंतते, मेळ लांब तरंगलांबीकडे, ६०० नॅनोमीटरच्या पुढे सरकतो, तांबडा प्रकाश शोषला जातो आणि द्रव निळा दिसतो. एका मुलाने तोंडी परीक्षेत आकारमानाचे उत्तर दिले, तेव्हा मी काही न बोलता त्याच्या हातात मिठाची बाटली दिली. नळी निळी झाल्यावर त्याने स्वतःच विचारले, 'मॅडम, कण तर तेच आहेत ना?' पुढचा तास मग चांगला गेला.

हे काही आजचे ज्ञान नाही. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ साली सोन्याचे असे लाल द्रव तयार केले आणि मीठ घातल्यावर ते निळे होतात हेही नोंदवले. त्यांनी त्या द्रवातून प्रकाशझोत सोडून पाहिला. झोताची वाट दिसली, म्हणजे सोने विरघळलेले नसून बारीक कणांच्या रूपात आहे. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा चाळीस वर्षे दूर होता. १९०८ साली गुस्टाव्ह मी यांनी मॅक्सवेलची विद्युत-चुंबकत्वाची समीकरणे गोल कणांना लावली आणि या रंगांचा हिशोब मांडला. हिशोबात सोन्याचे नेहमीचे प्रकाशीय गुणधर्म घेतले होते, पुंजसिद्धान्ताची गरज लागली नाही. पुंजसिद्धान्ताचा पाया असलेले श्रोडिंगरचे समीकरण तर १९२६ सालचे. ज्या रंगाचा हिशोब त्याआधी अठरा वर्षे लागला होता, त्याला आज 'पुंजपरिणाम' हे नाव चिकटवणे हे मला तरी फॅशन वाटते.

आणखी एक पुरावा. सरफेस प्लाझ्मॉनसाठी कण असावाच लागतो असेही नाही. काचेच्या लोलकाच्या एका बाजूवर ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा सलग थर चढवायचा आणि आतून हेलियम-निऑन लेसरचा तांबडा किरण टाकून कोन हळूहळू वाढवत जायचे. परावर्तित ठिपका आधी झळझळीत असतो, आणि ४४ अंशांच्या आसपास आल्यावर एकदम मालवतो. सोन्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांची लाट धावू लागते आणि प्रकाशाची ऊर्जा तिकडे वळते. साध्या हवेतून येणाऱ्या प्रकाशाचा संवेग या लाटेला पुरा पडत नाही, म्हणून लोलकाचा घाट. ही मांडणी १९६८ साली क्रेट्शमन आणि रेथर यांनी दाखवली. लेसरसमोरची ध्रुवक पट्टी (प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची दिशा ठरवणारी) ९० अंशांत फिरवली की काळा पडलेला ठिपका लगेच उजळतो, कारण लाटेला पृष्ठभागाशी लंब असलेले विद्युतक्षेत्रच चालते. हवेऐवजी सोन्यावर पाणी ठेवले तर काळोखाचा कोन ७० अंशांच्या पलीकडे जातो. माध्यमातला इतका बदल तर सहज दिसतोच, पण त्याहून कितीतरी सूक्ष्म बदल, म्हणजे सोन्याला चिकटलेला प्रथिनांचा एक थरही, हा कोन पकडतो. औषधसंशोधनात यावर चालणारी उपकरणे आहेत. इथे थर सलग, कण एकही नाही आणि प्लाझ्मॉन मात्र हजर.

आकार बदलला की काय होते हेही लेखात यायला हवे होते. त्याच सोन्याची लांबट कांडी केली, लांबी रुंदीच्या तीन-चार पट, की लांबीच्या दिशेचे हिंदकळणे ७००-८०० नॅनोमीटरवर, अवरक्ताच्या उंबरठ्यावर जाते. शरीराच्या ऊती हा प्रकाश त्यामानाने आत जाऊ देतात. म्हणून अशा कांड्या कर्करोगाच्या गाठीत पोचवून, बाहेरून लेसर टाकून तिथेच उष्णता निर्माण करण्याचे प्रयोग चालू आहेत. आणि दोन कणांमधल्या फटीत विद्युतक्षेत्र इतके एकवटते की तिथल्या रेणूचा रामन संकेत, म्हणजे रेणूवरून विखुरताना रंग किंचित बदललेला प्रकाश, कित्येक पटींनी वाढतो. क्षेत्र दहापट झाले तर संकेत सुमारे दहा हजार पट. १९७४ साली खडबडीत चांदीवर फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना पिरिडिन या सेंद्रिय द्रवाचा असा जोरकस संकेत मिळाला होता. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा १९२८चा क्षीण परिणाम चांदीच्या खाचखळग्यांत असा बळावतो, ही गोष्ट मराठी वाचकाला नक्की आवडली असती. ती सोडून लेखात रोमन चषकाला अर्धा रकाना दिला आहे. ब्रिटिश म्युझियममधला तो चौथ्या शतकातला चषक समोरून उजेड पडला की हिरवा, मागून पडला की लाल दिसतो हे खरे, आणि काचेत सोने-चांदीचे कण आहेत हेही खरे. पण त्यावरून 'रोमनांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते' म्हणणे म्हणजे फारच झाले.

एक विनंती. लेखासोबत अतिनील दिव्याखाली निळ्यापासून लालपर्यंत झळकणाऱ्या बाटल्यांचे छायाचित्र आहे आणि खाली 'वेगवेगळ्या आकारमानाचे सोन्याचे कण' असे छापले आहे. सोन्याचे कलिल असे झळकत नाही. त्या क्वांटम डॉटच्या बाटल्या असाव्यात. निदान ऑनलाइन आवृत्तीत तरी ती ओळ बदलावी. आणि छायाचित्रच हवे असेल तर मिठाच्या आणि साखरेच्या नळीचे शेजारी शेजारी घ्यावे. मात्र मीठ घातल्याबरोबर घ्यावे, गाळ बसला की दाखवायला काही उरत नाही.

आपली,
भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील एक वाचक