आपोआप मेलेलं जनावर

प्रिय मन्या,

काळपुळी, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा अँथ्रॅक्स, हा जुना रोग, आता कोण घाबरतं त्याला, असं तू लिहिलंस ना, त्यावर वाद घालायलाच बसलोय. अरे, हा जंतू बीजाणू बनून, म्हणजे टणक कवचात झोपी जाऊन, मातीत कित्येक दशकं पडून राहतो, ऊन, थंडी, दुष्काळ काही फरक पडत नाही त्याला, आणि आपण मात्र दोन-चार वर्षं साथ आली नाही की लस विसरतो. सायबेरियातल्या यमलचंच बघ. १९४१ नंतर तिकडे साथ नाही म्हणून २००७ मध्ये रेनडिअरचं लसीकरण बंद केलं, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या आसपास गेला, वर्षानुवर्षं गोठलेली जमीन वितळली आणि दोन हजारांवर रेनडिअर पटापट मेले, १२ वर्षांचा एक मुलगा पण गेला. सगळे हवामानबदलावर बोलत बसले, ते खोटं नाही, पण लस चालू असती तर एवढं झालं नसतं असं मला वाटतं. लस काही नवी नाही रे, पाश्चरनं १८८१ मध्ये मेंढ्यांवर सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं.

पण माझा खरा मुद्दा मेलेल्या जनावराचा आहे. काल धडधाकट चरत होतं आणि सकाळी टम्म फुगून पडलंय, नाकातून गुदद्वारातून काळपट रक्त येतंय, ते गोठत नाहीये, अंग पण नीट ताठरलेलं नाही, असं दिसलं की त्याला सुरी लावायचीच नाही, तपासायला म्हणून सुद्धा नाही. गंमत अशी की शरीर बंद असेल तोवर आतले जंतू कुजण्यातच बहुतेक मरून जातात, बीजाणू व्हायला त्यांना हवा लागते, म्हणजे आपण पोट फाडलं की आपणच त्यांना पुढच्या कित्येक वर्षांची सोय करून देतो. जंगलात हे काम तरस आणि गिधाडं करतात, त्यांना कोण अडवणार! म्हणून तर नामिबियाच्या इटोशा राष्ट्रीय उद्यानात झेब्रे, हत्ती यात मरतच राहतात. नामिबियातल्याच ब्वाब्वाटा उद्यानात २०१७ मध्ये शंभरावर पाणघोडे गेले.

आणि माणसाला होतो तो बहुतेक वेळा असाच, आयतं मांस मिळालं म्हणून. २०११ मध्ये झांबियातल्या चामा भागात मेलेल्या पाणघोड्यांचं मांस कापून खाऊन शेकडो लोक आजारी पडले. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण घरात खायला नाही आणि समोर एवढं मांस पडलंय, तर जाळा म्हणणाऱ्याचं कोण ऐकेल? नुकसानभरपाई नसेल तर जनावर गुपचूप कापलंच जाणार, नियम काहीही करा.

तुझ्या हातावरच्या फोडाचं विचारलंस म्हणून सांगतो, काळपुळीची जखम दुखत नाही, आधी खाजरी पुळी, मग पाणी भरतं, मग मधोमध काळी खपली आणि भोवती सूज. तुझा ठणकतोय म्हणजे बहुतेक दुसरंच काहीतरी असावं, तरी दाखवून घे, आणि डॉक्टरला आजारी जनावराला हात लावल्याचं आधी सांग, नाहीतर त्याच्या डोक्यात येणारच नाही. त्वचेचा असेल तर अँटिबायोटिकनं बरा होतो, उपचारच नाही केले तर दहातले एक-दोन जातात. श्वासातून गेला तर मात्र फार वाईट.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

तुझा,
विन्या